काळ्याला चौघांचा खांदा

चौघांच्या खांद्यावरून जायची पाळी माणसावर एकदाच येते. छापील काळ्या अक्षरावर ती हल्ली रोज येते, आणि तीही पतसंस्थेच्या अहवालापासून लग्नपत्रिकेपर्यंत कुठंही.

त्याचं असं आहे. रंगीत छपाईत शाया चारच. निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी. प्रत्येकीची प्लेट वेगळी. चारही ठसे बरोबर एकावर एक पडले, तर फोटोतले अध्यक्ष माणसासारखे दिसतात. पण कागद ओल लागली की ताणतो, मशीन पळत असतं, आणि एखादा ठसा केसभर सरकतोच. अध्यक्षांच्या गालावर ते खपून जातं. बारीक अक्षराला कसं खपावं? त्यातून आपली देवनागरी! डोक्यावर अनुस्वार, रफार, मात्रा, पायाशी उकार. एका अनुस्वाराचे तीन झाले, की वाचणारा आधी चष्मा पुसतो आणि मग डोळ्यांच्या डॉक्टरकडं जातो.

इलाज केवढा? अक्षरात काळा १०० टक्के भरायचा, बाकीचे तिघे शून्य. एकच प्लेट, एकच ठसा. सरकायला जोडीदारच नाही. खाली रंगीत पट्टा असेल तर तो कापून अक्षराला जागा करायची नाही, काळं सरळ त्याच्यावरून छापायचं. नाहीतर ठसा हलला की अक्षराला पांढरी कड सुटते. यात जादा खर्च दमडीचा नाही.

पण कोल्हापुरात हे सांगायला जावं, तर उत्तर येतं, "काय साहेब, काळं ते काळं. त्यात काय बघायचं?" बघायचं हे, की पडद्यावरचं काळं छपाईच्या रंगांत बदलताना संगणक आपल्या मनानं खिचडी शिजवतो. फोटोशॉपच्या एका प्रचलित सेटिंगवर ती निळा ७५, गुलाबी ६८, पिवळा ६७ आणि काळा ९० अशी होते. बेरीज करा. (आमचा धंदाच तो.) ३०० टक्के! एवढी शाई लवकर वाळत नाही, वरच्या कागदाच्या पाठीला लागते. काही महाभाग तर मजकुराचा फोटोच करून पाठवतात. मग अक्षरं ठिपक्याठिपक्यांची होतात, गोवर उठल्यासारखी.

चौरंगी काळं जास्त दाट दिसतं म्हणतात. खरं आहे. वीतभर उंचीच्या मथळ्यात काळ्याखाली थोडा निळा जरूर घाला. पण तांबडा आणि पांढरा, दोन्ही रस्से उत्तम म्हणून कोणी ते एका वाटीत ओतत नाही. खिळ्यांच्या जमान्यात जुळाऱ्याचा ऱ्हस्व-दीर्घ चुकायचा, पण शाई एक आणि ठसा एक, म्हणून काळं काळंच उमटायचं.

हा नुसत्या शोभेचा मामला असता तर मी गप्प बसलो असतो. पण एका संस्थेच्या अहवालात लाभांश ९ टक्के की १ टक्का, हे विचारायला एक पेन्शनर आजोबा भिंग घेऊन माझ्या काउंटरवर आले होते. मराठी ९ आणि १ मध्ये फरक तो काय, एका शेपटीचा! ती शेपटी गुलाबी होऊन शेजारच्या रकान्यात गेली होती.

तेव्हा सचिवसाहेब, अहवाल छापायला सोडण्याआधी डीटीपीवाल्याशेजारी दोन मिनिटं बसा. पडद्यावर काळी प्लेट तेवढी बंद करून दाखव म्हणावं. मजकूर सगळा नाहीसा झाला तर खुशाल सही करा. मागं भुतासारखा उरला तर फाईल परत. तो म्हणेल, "साहेब, परवा सभा हाय." म्हणू दे.