शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे जाणती माणसे सांगत आली आहेत. या म्हणीतील शहाणपण निर्विवाद आहे. मात्र तिच्यात एक अट गृहीत धरलेली आहे. शीत त्याच भांड्यातले असले पाहिजे. एका चुलीवरचे शीत चेपून शेजारच्या चुलीवरचा भात शिजल्याचा निर्वाळा कोणी देऊ लागला तर घरातली मुलेही त्याला हसतील. पण दोन्ही भांड्यांत एकाच पोत्यातील तांदूळ असेल, पाणी आणि जाळ सारखाच असेल व दोन्ही भांडी एकाच वेळी चढवलेली असतील, तर? मग ते अनुमान हास्यास्पद राहत नाही. किंबहुना बहुधा ते खरेच ठरते. रसायनांमुळे माणसाच्या त्वचेला व डोळ्यांना होणाऱ्या इजेचा अंदाज बांधण्याची जी एक पद्धत गेल्या दोन दशकांत पुढारलेल्या देशांत रूढ झाली, ती या दुसऱ्या प्रकारात मोडते. ज्या रसायनाची चाचणी झालेली नाही, त्याच्याशी रचनेने साम्य असलेल्या व पूर्वीच तपासल्या गेलेल्या रसायनाचा निष्कर्ष त्याला लावायचा, हे तिचे सूत्र. इंग्रजीत तिला ‘रीड-अक्रॉस’ म्हणतात. मराठीत ‘साधर्म्यानुमान’ म्हणण्यास हरकत नाही.

हा विषय रसायनशास्त्रज्ञांपुरता आहे, असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. भांडी घासण्याची पावडर, भिंतीचा रंग, कापड रंगवण्याचे द्रव्य, शेतावर फवारायचे औषध यांतील कोणता ना कोणता घटक रोज कोणाच्या तरी हाताला लागत असतो. त्याच्या पिंपावर धोक्याची खूण असावी की नसावी, ते हाताळणाऱ्याला हातमोजे व चष्मा द्यावा की नाही, याचा निर्णय अशा अनुमानांवर होऊ लागला आहे. म्हणून ते अनुमान कोण करतो, कशाच्या आधारे करतो आणि ते चुकल्यास किंमत कोण मोजतो, हे प्रश्न सार्वजनिक चर्चेचे आहेत.

सशाच्या डोळ्याचा इतिहास

या पद्धतीची गरज का भासली, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत ‘लॅश ल्युअर’ नावाचा पापण्या रंगवण्याचा एक पदार्थ विकला जात होता. त्यामुळे अनेक स्त्रियांच्या डोळ्यांना भयंकर इजा झाल्या. परंतु विक्री थांबवण्याचा अधिकार सरकारला नव्हता. १९३८ च्या कायद्याने तेथे सौंदर्यप्रसाधने प्रथमच मध्यवर्ती सरकारच्या नियंत्रणाखाली आली. अधिकार आला, तशी मोजमापाची गरज उत्पन्न झाली. १९४४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील जॉन ड्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांवरील चाचणीची पद्धत प्रसिद्ध केली. सशाच्या डोळ्यात पदार्थाचा एक दशांश मिलिलिटर घालायचा, डोळ्यावरचा पारदर्शक पडदा, बुबुळ आणि पापणीचे अस्तर यांवरील परिणाम दिवसागणिक पाहायचा आणि एकशे दहापैकी गुण द्यायचे, असे तिचे स्वरूप होते. त्वचेसाठीही अशीच गुणपद्धती होती. १९८१ मध्ये आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने या चाचण्यांना आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेचे रूप दिले.

या चाचणीने असंख्य माणसांचे डोळे वाचवले असतील, हे मान्य केलेच पाहिजे. पण तिचे दोषही लवकरच उघड झाले. कॅरोल वाइल आणि रॉबर्ट स्काला या संशोधकांनी तेच पदार्थ अनेक प्रयोगशाळांना तपासावयास दिले आणि १९७१ मध्ये निष्कर्ष मांडले. एका प्रयोगशाळेने जो पदार्थ तीव्र दाहक ठरवला, तोच दुसरीने जवळजवळ निरुपद्रवी ठरवल्याचे त्यातून दिसून आले. ज्या फूटपट्टीची लांबी दुकानागणिक बदलते, तिने मोजलेल्या कापडाचा भरवसा किती धरायचा? शिवाय प्राण्यांच्या यातनांचा प्रश्न होताच. रसेल व बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्येच प्राण्यांचा वापर टाळावा, कमी करावा आणि त्यांच्या वेदना सौम्य कराव्यात, ही त्रिसूत्री मांडली होती. १९८० मध्ये हेन्री स्पायरा यांनी न्यूयॉर्कमध्ये एका बड्या प्रसाधन कंपनीविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा तो वैज्ञानिकांच्या वर्तुळातला प्रश्न रस्त्यावर आला.

त्यानंतर पर्याय निर्माण झाले. कत्तलखान्यातून आणलेले गाईगुरांचे व कोंबड्यांचे डोळे वापरून करावयाच्या चाचण्यांना २००९ मध्ये, आणि मानवी पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्वचेवरील दाहाच्या चाचणीला २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. भारतानेही २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी बंद केली आणि अशी चाचणी केलेल्या प्रसाधनांच्या आयातीलाही मनाई केली. परंतु बाजारातील रसायने हजारोंनी मोजावी लागतात. त्या प्रत्येकाची कोणतीही चाचणी करणे वेळ, पैसा व प्रयोगशाळा यांच्या हिशेबात बसत नाही. साधर्म्यानुमानाला महत्त्व आले ते येथे.

साम्य कशाचे?

तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला या पद्धतीत काही जुन्या गोष्टी ओळखू येतील. धूर दिसला म्हणून डोंगरावर अग्नी आहे, हे अनुमान टिकते ते धूर व अग्नी यांचे नियत साहचर्य, म्हणजे व्याप्ती, अगोदर सिद्ध असते म्हणून. उपमानाचे तसे नाही. गवय गाईसारखा दिसतो, एवढ्या माहितीवर अरण्यात गवय ओळखता येतो. परंतु तो गोठ्यात बांधला म्हणजे धार काढू देईल, असे त्यावरून ठरत नाही. रसायनांची रचना कागदावर सारखी दिसणे हे उपमान झाले. त्या सारखेपणाचा इजेशी कार्यकारण संबंध दाखवणे ही व्याप्ती होय. या दोहोंत गल्लत झाली की पद्धत फसते.

मेदाम्लांचे कुटुंब घ्या. नारळाच्या तेलात त्यांपैकी अनेक आढळतात. आठ कार्बनचे कॅप्रिलिक आम्ल शुद्ध स्वरूपात त्वचा जाळते. दहा कार्बनचे कॅप्रिक आम्ल त्वचेचा दाह करते. आणि अठरा कार्बनचे, मेणबत्तीत व साबणात जाणारे स्टिअरिक आम्ल त्वचेला जवळजवळ निरुपद्रवी असते. साखळी लांबत जाते तसा पदार्थ पाण्यात कमी विरघळतो आणि त्याची त्वचेत शिरकाव करण्याची शक्ती घटते. येथे क्रम आहे आणि क्रमामागे कारणही आहे. म्हणून या मालिकेतील मधल्या, न तपासलेल्या आम्लाबद्दल दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांवरून अंदाज बांधणे सयुक्तिक ठरते. मात्र केवळ ‘मेदाम्ल’ या आडनावावर विसंबून स्टिअरिकचा दाखला कॅप्रिलिकला देणे घातक ठरेल.

आता दुसरे कुटुंब पाहा. ब्यूटेनॉल या अल्कोहोलचे चार प्रकार आहेत. चारांतही कार्बनचे चार, हायड्रोजनचे दहा आणि ऑक्सिजनचा एक अणू; फरक केवळ जोडणीचा. तरी युरोपीय वर्गीकरणात त्यांपैकी दोन डोळ्यांना गंभीर इजा करणारे म्हणून नोंदले आहेत, तर उरलेल्या दोहोंची नोंद डोळ्यांचा दाह करणारे एवढीच आहे. हा केवळ शब्दांचा भेद नव्हे. एकवीस दिवसांत भरून येणारा त्रास म्हणजे दाह. भरून न येणारी हानी म्हणजे गंभीर इजा. ॲसिटोनचे उदाहरण तर याहून बोलके आहे. त्याने डोळे झोंबतात खरे. पण त्यातील हायड्रोजनच्या एका अणूच्या जागी क्लोरिनचा अणू बसवला, की पहिल्या महायुद्धात अश्रुधूर म्हणून वापरलेले क्लोरोॲसिटोन तयार होते. एका अणूचा फरक कागदावर क्षुल्लक असतो, डोळ्यात नसतो.

साम्याच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. पदार्थ तोच असला तरी त्याची तीव्रता, अशुद्धी व भौतिक रूप यांनी निष्कर्ष बदलतो. स्वयंपाकघरातील व्हिनेगर आणि पिंपातील तीव्र ॲसेटिक आम्ल यांत द्रव्य एकच आहे. परंतु पहिले कोशिंबिरीत घालतात आणि दुसरे हात जाळते. उलट, काही बाबतींत चाचणीचीच काय, अनुमानाचीही फारशी गरज नसते. ज्याचा सामू दोन किंवा त्याहून कमी अथवा साडेअकरा किंवा त्याहून अधिक आहे, असे द्रव्य धोकादायकच मानून चालावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. पानाच्या चुन्याची पुडी फुटून मुलांच्या डोळ्यांना होणाऱ्या इजा आपल्या नेत्रतज्ज्ञांच्या चांगल्या परिचयाच्या आहेत. चुना अल्कधर्मी आहे हे कळण्यासाठी कोणत्याही सशाचा बळी द्यावा लागत नाही.

चुकीची किंमत

येथवरचा प्रश्न विज्ञानाचा झाला. पुढचा अर्थशास्त्राचा आहे, आणि तो अधिक बिकट आहे. अनुमान दोन प्रकारे चुकू शकते. निरुपद्रवी पदार्थ अपायकारक ठरला, तर उत्पादकाला वेष्टन, चिठ्ठी, संरक्षक साधने यांवर नाहक खर्च करावा लागतो आणि कदाचित ग्राहकही गमवावा लागतो. अपायकारक पदार्थ निरुपद्रवी ठरला, तर कामगाराची कातडी जाते, प्रसंगी दृष्टी जाते. पहिल्या चुकीचे बिल उत्पादकाच्या वहीत लिहिले जाते. दुसऱ्या चुकीचे बिल कोणत्याच वहीत दिसत नाही. आणि अनुमान करणारा असतो तो उत्पादकच. तपासलेल्या चार नातलगांपैकी तीन दाहक आणि एक सौम्य निघाला असेल, तर तुलनेसाठी सौम्य तोच निवडण्याचा मोह त्याला होणार, हे सांगण्यास दुष्ट हेतूचे गृहीतक लागत नाही. खर्च वाचवण्याची सामान्य प्रवृत्ती पुरेशी आहे.

युरोपीय संघाने २००७ पासून अमलात आणलेल्या ‘रीच’ कायद्यात या मोहाला लगाम घालण्याचा प्रयत्न आहे. वर्षाला एक टन किंवा अधिक उत्पादन वा आयात होणाऱ्या रसायनाची माहिती सादर केल्याखेरीज त्याला बाजार बंद. पृष्ठवंशी प्राण्यांवरील चाचणी हा शेवटचा उपाय. साधर्म्यानुमान मान्य, परंतु त्याचे कारण लेखी, पुराव्यानिशी दिले पाहिजे, अशी त्याची चौकट आहे. एकाने केलेली चाचणी इतरांनी खर्चाचा वाटा उचलून वापरावी आणि बारा वर्षांनंतर ती नोंदणीसाठी विनामूल्य खुली व्हावी, अशीही तरतूद आहे. हेलसिंकी येथील युरोपीय रसायन संस्थेने अशी अनुमाने पारखण्याची पद्धतशीर चौकट २०१५ मध्ये जाहीर केली. समर्थन अपुरे म्हणून तिने अनेक अनुमाने परतही केली आहेत. अनुमान मान्य करणे आणि ते नाकारण्याची क्षमता अंगी बाळगणे, या दोन गोष्टी बरोबरच जाव्या लागतात, हा त्यातील धडा होय.

आपल्या दारातील प्रश्न

तारापूर, अंबरनाथ, महाड, लोटे या औद्योगिक वसाहतींतील रसायन कारखान्यांना हा विषय दूरचा नाही. युरोपला माल पाठवायचा तर ही माहिती उभी करावीच लागते, आणि लहान कारखानदाराला प्रत्येक चाचणीचा खर्च झेपत नाही. त्याच्या दृष्टीने साधर्म्यानुमान हे वरदान आहे. पण परदेशी ग्राहकासाठी जी माहिती तयार होते, ती त्याच मालाची पिंपे भरणाऱ्या येथील कामगाराला समजेल अशा भाषेत पोहोचते काय? भोपाळमध्ये १९८४ च्या डिसेंबरमधील त्या रात्री डोळे चोळत इस्पितळात आलेल्या हजारोंवर नेमके कोणते उपचार करावेत, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. त्या दुर्घटनेनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आणि १९८९ चे घातक रसायनांविषयीचे नियम आले. सुरक्षिततेच्या माहितीचे पत्रक त्या नियमांनी आवश्यक ठरवले. सर्व रसायनांच्या नोंदणीसाठी एकत्रित नियमांचा मसुदा २०२० मध्ये चर्चेत आला.

असे कोणतेही नियम करताना तीन गोष्टी त्यांत असल्या पाहिजेत. पहिली, साधर्म्यानुमान करणाऱ्याने कोणते नातलग निवडले याबरोबरच कोणते वगळले आणि का, हे सांगण्याचे बंधन. दुसरी, ती कारणे कामगार संघटना, विद्यापीठे व सामान्य नागरिक यांना पाहता यावीत. गुपित राखायचे असेल तर ते उत्पादनाच्या कृतीचे राखावे, इजेचे नव्हे. तिसरी, शंका उरलीच तर वाढवलेल्या त्वचेवरील किंवा कत्तलखान्यातील डोळ्यांवरील चाचणीने ती फेडावी; तेही शक्य नसेल, तर पदार्थ अपायकारक धरून चालावे. फौजदारी न्यायात संशयाचा फायदा आरोपीला देतात, कारण आरोपी हा माणूस असतो. रसायन हे माणूस नव्हे. येथे संशयाच्या फायद्यावर हक्क आहे तो पिंपाला हात लावणाऱ्याचा.

यावर असा आक्षेप येईल की, एवढी बंधने घातल्यास लहान उद्योगाचे कंबरडे मोडेल. आक्षेप पोकळ नाही. पण त्यावरचा उपाय नियम शिथिल करणे हा नसून माहितीचा खर्च वाटून घेणे हा आहे. एकदा मिळालेले ज्ञान वापराने झिजत नाही. दहा कारखान्यांनी ते वापरले तरी पहिल्याचे काही कमी होत नाही. अशा वस्तूची तरतूद बाजार अपुरी करतो, हे अर्थशास्त्राचे प्राथमिक पाठ्यपुस्तक सांगते. सरकारी प्रयोगशाळा, विद्यापीठांचे रसायनशास्त्र विभाग आणि उद्योगांच्या संघटना यांनी मिळून तपासलेल्या रसायनांची सामायिक नोंद उभारली, तर लहान कारखानदाराला तुलनेसाठी भरवशाचे नातलग मिळतील आणि सोयीचा नातलग शोधण्याचा मोहही आवरता येईल.

सशाचा डोळा वाचवणे हे सुसंस्कृतपणाचे लक्षण आहे. मात्र त्या डोळ्याच्या जागी नकळत कामगाराचा डोळा ठेवला गेला, तर त्या सुसंस्कृतपणाला अर्थ उरणार नाही. एका भांड्यातील शितावरून दुसऱ्या भांड्यातील भात जोखण्यास हरकत नाही; तांदूळ, पाणी आणि जाळ सारखाच होता, हे जोखणाऱ्याने आधी सिद्ध करून दाखवले पाहिजे, आणि ते पाहण्याचा अधिकार पंगतीला बसणाऱ्यांना असला पाहिजे.