नोंदवहीबाहेरची मुले

ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस गोवंडीच्या रफीक नगरात लागोपाठ बालके दगावली, तेव्हा कुठे मुंबईला गोवर दिसला. पाठोपाठ भिवंडी-मालेगावातही रुग्ण सापडले. मग घरोघरी तापाची आणि पुरळाची चौकशी झाली, कस्तुरबा रुग्णालयात खाटा राखल्या गेल्या, जीवनसत्त्व अ आणि लसीचे जादा डोस दिले गेले. सगळे योग्यच, पण मुले गेल्यावर.

कर्नाटकातला आपला जोयडा तालुका म्हणजे गोवंडी नव्हे; इथे दोन घरांमध्येही रान असते. तरी निर्धास्त राहता येणार नाही. मजुरीसाठी इथली कुटुंबे गोव्याला जातात, रामनगरचे बेळगावशी रोजचे येणे-जाणे आहे. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून गोवर पसरतो, आणि लस नसलेल्या वस्तीत एक रुग्ण बारा ते अठरा जणांना तो देऊ शकतो. ‘गोवर उठलाय, आपोआप मावळेल’ म्हणून कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवणाऱ्या घरातून दवाखान्यापर्यंत बातमी पोहोचतच नाही. न्यूमोनिया झाला की मग धावपळ.

कर्नाटक आणि गोव्यात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली. त्यानंतर जन्मलेल्यांची भिस्त नवव्या आणि सोळाव्या महिन्यानंतरच्या नेहमीच्या दोन डोसांवर आहे. साथ रोखायला ९५ टक्के मुलांना ते दोन्ही मिळायला हवेत. तालुक्याची सरासरी इथे फसवी ठरते. काळी नदीच्या जंगलातल्या एखाद्या कुणबी किंवा गवळी वाडीत चारच लहान मुले, आणि चारही सुटलेली, तर कागदावर काहीच बिघडत नाही.

ती का सुटतात, हे लसीची कुपी पाहिली की कळते. एका कुपीत अनेक डोस. पावडर पाण्यात मिसळली की चार तासांत वापरावी लागते, उरलेली फेकावी लागते. मैलोन्‌मैल चालून आलेल्या परिचारिकेपुढे दोनच मुले असली, तर ‘पुढच्या वेळी देऊ’ असे म्हटले जाते. पुढच्या वेळी आई बाळाला घेऊन गोव्यात असते. वाया जाणाऱ्या डोसांचा जाब कुणी परिचारिकेला विचारू नये. एका मुलासाठीही कुपी फोडण्याची मुभा तिला लेखी मिळावी.

आशा सेविकेने वाडीतल्या प्रत्येक बाळाची यादी करताना ‘सध्या कुठे’ हा रकाना ठेवावा. ताप आणि पुरळ दिसताच रक्ताचा नमुना घ्यावा, आणि मडगाव किंवा बेळगावात जोयड्याचे मूल आजारी आढळले तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना त्याच दिवशी फोन यावा. दोन राज्यांच्या आरोग्य खात्यांनी ही व्यवस्था पावसाळ्यापूर्वी, वाटा बंद होण्याआधी, बसवावी.