शाकाहार : करुणेचा की विटाळाचा?



दीक्षेचा विधी आटोपून आपण घरी येता. देव्हारा उतरतो, भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर लागते, आणि मग एखाद्या रविवारी चुलीवर मटणाचे भांडे चढलेले असताना घरातील शाळकरी मूल विचारते, ‘सकाळी आपण प्राणिहत्या न करण्याचे शील म्हटले, मग हे काय?’ प्रश्न मुलाने विचारला म्हणून तो पोरकट ठरत नाही. माझ्याकडे कोर्टकचेरीच्या कामासाठी येणारे नवदीक्षित पक्षकारही कागदपत्रे आवरल्यावर जरा घुटमळतात आणि हेच विचारतात. काहींनी तर विचारण्यापूर्वीच मांस सोडलेले असते. त्यांना मी उलट प्रश्न करतो, का सोडलेत? मिळणारी उत्तरे ऐकून हा लेख लिहिणे मला भाग पडले आहे.

प्रथम धम्माची आज्ञा काय, ते पाहू. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत प्राणिमात्रावर दया करण्याची प्रतिज्ञा आहे आणि दारू न पिण्याचीही आहे. मांस न खाण्याची प्रतिज्ञा त्यांत नाही. बाबासाहेब कायदेपंडित होते. जे लिहावयाचे ते त्यांनी स्पष्ट लिहिले, आणि जे लिहिले नाही ते विसरून राहिले असे मानण्यास आधार नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात अहिंसेचा विचार करताना त्यांनी मारण्याची गरज आणि मारण्याची हौस यांत भेद केला आहे, आणि अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे, असे प्रतिपादन केले आहे. तत्त्व माणसाच्या विवेकाला कामाला लावते. नियम केवळ पाळावयाचा असतो.

पाली ग्रंथांचा निर्वाळा हाच आहे. देवदत्ताने संघात फूट पाडण्यापूर्वी ज्या पाच मागण्या भगवंतापुढे ठेवल्या, त्यांतील एक अशी, की भिक्षूंनी आजन्म मत्स्य-मांस वर्ज्य करावे. भगवंतांनी ती नाकारली. आपल्यासाठी मारल्याचे पाहिले नाही, ऐकले नाही आणि तशी शंकाही नाही, असे भिक्षापात्रात आलेले मांस भिक्षूने घ्यावे, ही मर्यादा त्यांनी सांगितली. सुत्तनिपातातील आमगंधसुत्तात तर, दुर्गंध मांसाचा नसून चोरी, असत्य आणि दुराचार यांचा आहे, असा भाव आहे. धर्मानंद कोसंबी यांनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात मांसाहारावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. जिज्ञासूंनी ते अवश्य वाचावे. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उपासकाने करू नयेत अशा पाच व्यापारांत शस्त्रे, दारू आणि विष यांच्याबरोबर प्राण्यांचा आणि मांसाचाही व्यापार येतो. पुढे महायान परंपरेतील लंकावतारसूत्राने मांसाहाराचा कडक निषेध केला, आणि चीनमधील भिक्षू आजही मांस खात नाहीत; श्रीलंकेतील आणि थायलंडमधील भिक्षू मात्र दानात आलेले मांस स्वीकारतात. दोघेही बौद्धच आहेत.

तेव्हा मांस सोडल्याने आपण अधिक बौद्ध होत नाही आणि खाल्ल्याने कमी होत नाही. एवढे समजून उमजून जो करुणेपोटी सोडू इच्छितो, त्याचे पाऊल मला आदरणीय वाटते. मीही वयाच्या तिसाव्या वर्षी मांस सोडले आहे. परंतु बहुतेकांची उत्तरे करुणेची नसतात. कोणी म्हणतो, ‘आता आपण सुधारलो.’ कोणी म्हणतो, ‘मांस तामसी असते.’ ही सत्त्व-रज-तमाची भाषा त्रिपिटकातली नव्हे. जी पोथी आपण मागे ठेवून आलो, तिच्यातली ती आहे. आणि एकाने मान खाली घालून सांगितले, ‘साहेब, त्याशिवाय शहरात खोली मिळत नव्हती.’

येथे १९२७ ची आठवण करून देणे आवश्यक आहे. महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या आजोबा-पणजोबांना मेलेल्या जनावरांचे मांस आणि उष्ट्याचे तुकडे सोडण्यास सांगितले. कित्येक गावांनी ते सोडले, आणि मेलेले जनावर ओढण्याचे नाकारले म्हणून मारही खाल्ला. पण तेथे सोडावयाची होती ती लाचारी. दुसऱ्याने टाकलेले खाऊन जगणार नाही, असा तो निर्धार होता. त्या निर्धाराचा अर्थ ‘मांस अपवित्र असते’ असा लावणे म्हणजे महाडचा इतिहास उलटा वाचणे होय. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात बाबासाहेबांनी अस्पृश्यतेचा उगम शोधताना गोमांसभक्षणावरून माणसे कशी तोडली गेली, याची मीमांसा केली आहे. ज्या मोजपट्टीने आपल्याला वेशीबाहेर घातले, तीच मोजपट्टी आता आपण खिशात घालून फिरावयाचे काय?

मी हे इतरांना सांगतो, पण या मोजपट्टीने मोजण्याचा गुन्हा माझ्याच घरात माझ्याच हातून घडलेला आहे. मांस सोडल्यावर मी स्वतःसाठी वेगळी कढई आणि वेगळा तवा आणला, आणि माझ्या भांड्यांना मटणाचा चमचा लागू नये, अशी ताकीद घरात दिली. आई काही बोलली नाही. आठ-दहा दिवसांनी पाहतो तो ती मला वाढताना डाव हात उंच धरून वरूनच आमटी सोडीत होती. मी विचारले, ‘असे का वाढतेस?’ ती म्हणाली, ‘तुझं भांडं बाटंल म्हून. पाटलाच्या वाड्यावर आमाला असंच पाणी घालायचे. मला ठावं हाय कसं घालायचं त्ये.’

तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच मला उत्तर सुचले नाही. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, हे मी न्यायालयात अनेकदा मोठ्या आवाजात वाचलेले आहे. ती कढई मी त्याच दिवशी घरच्या भांड्यांत मिसळली. मांस आजही खात नाही. पण ज्या भांड्यात काल रस्सा शिजला, त्याच घासलेल्या भांड्यात आज माझे पिठले शिजते. तेव्हा पहिली विनंती ही, की घरात एकाने मांस सोडले म्हणून दोन चुली मांडू नका. सासूच्या हातच्या चान्या, वजडी किंवा सुकट यांना नाक मुरडू नका. त्या अन्नावर आपल्या कित्येक पिढ्या जगल्या. आणि दोन स्वयंपाकांचा भार घरधनिणीवर टाकून पुरुषाने करुणेचे पुण्य मिरवू नये. ज्याला वेगळे हवे, त्याने विळीवर बसावे.

आता हक्काविषयी थोडे. महाराष्ट्रात गाईची कत्तल १९७६ च्या कायद्याने बंद झाली. २०१५ पासून बैल आणि वळूही त्या बंदीत आले. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी ग्राह्य धरली, परंतु परराज्यात कायदेशीरपणे कापलेल्या जनावराचे मांस केवळ जवळ बाळगणे गुन्हा ठरविणारे कलम रद्द केले. नागरिकाने आपल्या घरात काय खावे हा त्याच्या खाजगी जीवनाचा भाग आहे, असा त्यामागील विचार होता. त्या निकालावर अपिले झाली. त्याआधी २००८ साली सर्वोच्च न्यायालयानेही, माणसाने काय खावे ही त्याची व्यक्तिगत बाब आहे, असे म्हटले होते. आणि त्याच निकालात अहमदाबादेतील कत्तलखाने पर्युषणाचे नऊ दिवस बंद ठेवणे वैध ठरविले होते. कायदा कधीकधी एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने राखून ठेवतो, हे वकिलाला नवे नाही. तात्पर्य असे, की मांस सोडणे ही आपली मर्जी असावी. घरमालकाच्या अटीपुढे मान तुकवून सोडलेले मांस ही करुणा नव्हे. ‘फक्त शाकाहारी’ या पाटीत जातीचा उल्लेख नसतो, त्यामुळे न्यायालयात ती सिद्ध करणे कठीण जाते. पण ती वाचणाऱ्याला तिचा अर्थ बरोबर कळतो. अशी खोली मिळविण्यासाठी मुलांना खोटे बोलावयास शिकवू नका. खोटे न बोलण्याचीही प्रतिज्ञा आपण घेतलेली आहे.

एवढे ध्यानात ठेवून ज्यांना खरोखरच सोडावयाचे आहे, त्यांच्याशी आता स्वयंपाकघरातले बोलू. सम्राट अशोकाचे उदाहरण मला फार बोलके वाटते. पहिल्या शिलालेखात तो सांगतो, की पूर्वी राजाच्या पाकशाळेत रोज लक्षावधी प्राणी मारले जात. लेख कोरविला तेव्हा तीन मारले जात होते, दोन मोर आणि एक हरिण, आणि हरिणही नेहमी नव्हे. पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत. एवढा सम्राट, पण आज तीन उरले आहेत हे त्याने खडकावर जाहीरपणे लिहून ठेवले! आपणही एका रात्रीत सोडण्याचा हट्ट धरू नये. आपल्यापैकी पुष्कळ घरांत दीक्षेनंतरही श्रावण आणि शनिवार पाळला जातो आणि त्यापूर्वी गटारी साजरी होते. त्यापेक्षा उपोसथाचे दिवस धरा, म्हणजे पौर्णिमा, अमावास्या आणि दोन अष्टम्या. ते जमले म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंतचा वर्षावास धरा.

पण त्याहून महत्त्वाचे हे, की ताटातून काही काढण्यापूर्वी ताटात काही घाला. गरीब घरात मटण आठवड्यातून एकदा येते. उरलेले सहा दिवस भाकरी आणि ठेचा, फार तर बटाट्याचा रस्सा. त्या सहा दिवसांत अंगाला लागणारे जे काही असते ते सुकट-बोंबलातून आणि अंड्यातून येते. त्यामुळे मटण सोडल्याने फारसे बिघडत नाही. सुकट आणि अंडे सोडले आणि डाळ वाढविली नाही, तर बिघडते. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला सुमारे पन्नास ग्रॅम प्रथिने लागतात. ज्वारीच्या चार भाकऱ्यांतून त्यांपैकी साधारण पंचवीस ग्रॅम मिळतात. घट्ट आमटीच्या किंवा उसळीच्या दोन वाट्यांतून चौदा, मूठभर शेंगदाण्यांतून सात आणि पेलाभर दुधातून किंवा दह्यातून सहा. हिशेब जुळतो; परंतु पातळ फोडणीचे पाणी म्हणजे आमटी नव्हे, हे त्यासाठी मान्य करावे लागते. धान्यात जे कमी असते ते कडधान्यात असते आणि कडधान्यात जे कमी ते धान्यात, म्हणून भाकरी आणि पिठले ही जोडी पूर्ण आहे. हुलगा, मटकी, मूग आणि चवळी मोड आणून खावीत. विदर्भ-मराठवाड्यातील आपले शेतकरी बांधव सोयाबीनचे पोतेच्या पोते बाजारात घालतात आणि घरात एक मूठही ठेवीत नाहीत, हे मला कधी उमगलेले नाही. गव्हाच्या दळणात दहावा हिस्सा भाजलेले सोयाबीन मिसळले, तर पोळीची चव फारशी बदलत नाही. कच्चे मात्र खाऊ नये.

रक्ताचा प्रश्न याहून गंभीर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार या देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. मांसातील लोह अंगी लवकर लागते, पालेभाजीतील आणि बाजरीतील तितके लागत नाही. म्हणून लोखंडी कढई वापरावी, भाजीवर लिंबू पिळावे, आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये. चहा लोह अडवितो. एका तासाचे अंतर पुरते. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून विसंबून राहण्याजोगे मिळत नाही. दूध, दही किंवा अंडे चालू ठेवले तर ठीक. तेही सोडणाऱ्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी. शरीरातील साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे प्रारंभी काहीच जाणवत नाही, आणि मग हातापायांना मुंग्या येऊ लागतात. गर्भवतीने, अंगावर पाजणाऱ्या मातेने आणि क्षयातून उठलेल्या माणसाने डॉक्टरला विचारल्याखेरीज आहार बदलू नये.

लहान मुलांना तर या व्रतात मुळीच ओढू नये. ती मोठी झाली म्हणजे आपला विचार आपण करतील. २०२३ साली राज्य शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्यास प्रारंभ केला, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठी मिळणारा निधी बंद केला. अंडे न खाणाऱ्या मुलांसाठी केळे ठेवलेले होतेच. कोणावर सक्ती नव्हती. ज्यांच्या घरी दूध-तूप आहे, त्यांच्या शुचितेसाठी ज्यांच्या घरी डाळही पुरत नाही त्यांच्या मुलांचे अंडे गेले. शिक्षण हक्क कायद्यानुसार आपल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. पुढील बैठकीची तारीख मुख्याध्यापकांना विचारून घ्या, आणि अंडे पुन्हा सुरू करावे असा ठराव लेखी द्या. ज्या बापाने स्वतः मांस सोडलेले आहे, त्याने ही मागणी मांडली तर अधिक बरे. त्याच्यावर जिभेच्या चोचल्यांचा आरोप कोणाला करता येणार नाही.