चेसिस हा अस्सल कागद आहे. वाचल्याशिवाय कापू नका

#थ्रेड

१/ सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांच्या समाधीवर कुणी खिळ्याने आपले नाव कोरले, तर आपण संतापतो. तो संताप योग्यच आहे. पण एखाद्या गॅरेजात ऐंशी वर्षांच्या जीपची चेसिस कापून तिचा ‘मॉडिफाइड’ अवतार उभा राहिला, की त्या चित्रफितीला पहिली दाद देणारेही आपणच असतो. हा थ्रेड या विसंगतीविरुद्ध आहे.

२/ प्रथम प्रतिपक्षाला न्याय देऊ. ‘हॉट रॉड’ ही काही उथळ हौस नव्हे. १९३० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड, टप, अनावश्यक पत्रा उतरवून कोरड्या तलावांच्या सपाट तळांवर शर्यती लावू लागले. ३१ मार्च १९३२ रोजी फोर्डने सामान्यांच्या आवाक्यातील व्ही-८ इंजिन जाहीर केले. त्या वर्षीच्या चेसिसच्या बाजूच्या पट्ट्या झाकलेल्या नव्हत्या. उठावदार रेघेसह त्या गाडीच्या रूपाचाच भाग होत्या. म्हणून तीच चेसिस या पंथाची आराध्य ठरली.

३/ परंतु त्या तरुणांच्या हाती होती ती काही वर्षांपूर्वीची, स्वस्त, लाखोंनी बनलेली गाडी. दुर्मीळ वस्तू ते कापत नव्हते. आज तेथे १९३२ च्या नमुन्याच्या नव्या चेसिस आणि नवे सांगाडे विकत मिळतात. तरीही अखंड उरलेली मूळ गाडी कापावी की नाही, यावर तेथेही वाद झडतात. आपल्याकडे मात्र तो वाद सुरूही झालेला नाही. अनुकरण करायचेच, तर अर्धवट का?

४/ आपल्याकडे हा प्रश्न मुख्यतः जीपचा आहे. फोर्डने मुंबईत १९२६ मध्ये आणि जनरल मोटर्सने शिवडीला १९२८ मध्ये गाड्यांची जुळणी सुरू केली; पण त्या मोटारी संस्थानिक-धनिकांच्या. खेड्याच्या वाटेला आलेले पहिले यांत्रिक वाहन बहुधा जीप. दुसऱ्या महायुद्धात विलीजची ‘एमबी’ आणि फोर्डची ‘जीपीडब्ल्यू’ मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनल्या. ब्रह्मदेशाच्या आघाडीमुळे त्यांतील कित्येक भारतात आल्या आणि युद्धानंतर विकल्या गेल्या. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने त्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जीपची जुळणी आरंभली.

५/ ‘पण ही तर परकीय लष्करी वस्तू, आपला इतिहास कसा?’ असा आक्षेप येतो. मग किल्ल्यांवरच्या इंग्रजी, पोर्तुगीज बनावटीच्या तोफांचे काय करायचे? वस्तू कुठे घडली एवढ्यावर इतिहास ठरत नाही. ती कुणाच्या आयुष्यात शिरली, यावरही ठरतो. सडक संपल्यावर तहसीलदार, डॉक्टर, निवडणुकीचे प्रचारक ज्या गाडीतून पुढे गेले, ती जीप होती. सातपुड्याच्या पायथ्यापासून अजिंठ्याच्या डोंगररांगेपर्यंत पसरलेल्या बुलढाणा जिल्ह्याला हे निराळे सांगायला नको.

६/ आता मुख्य मुद्दा. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हा बखरींच्या विश्वसनीयतेवर कठोर टीका केली आणि अस्सल पत्रांना अग्रस्थान दिले. जुन्या गाडीलाही हाच दंडक लावा. पत्रा ही बखर आहे: ठोकलेली, रंगवलेली, पिढीगणिक बदललेली. चेसिस हा अस्सल कागद आहे.

७/ हा कागद वाचायचा कसा?
• पुढची आडवी दांडी गोल नळीची असेल, तर घडण विलीजची. उलट्या पन्हाळीसारखी चौकोनी असेल, तर फोर्डची.
• फोर्डने क्रमांक डाव्या पट्टीच्या वरच्या अंगावर, इंजिनाच्या आधाराजवळ थेट ठोकला. विलीजने पुढच्या डाव्या टोकाच्या आतल्या बाजूस रिव्हेटने पट्टी बसवली.
• फोर्डच्या सुट्या भागांवर, बोल्टांवरही, कंपनीचे ‘एफ’ हे आद्याक्षर आढळते.
• मूळ जोड मुख्यतः रिव्हेटचे. त्या जागी बोल्ट वा वेल्डिंग दिसले, तर नंतरच्या हातांची शंका घ्या.

८/ लवकरच्या उत्पादनाच्या खुणा याहून मोलाच्या. विलीजच्या सुरुवातीच्या सुमारे २५ हजार जीपांची पुढची जाळी लोखंडी पट्ट्या वेल्ड करून केलेली होती. दाबून काढलेल्या पत्र्याची जाळी नंतर आली. पण जाळी बदलता येते, म्हणून एकट्या जाळीवर विश्वास नको. ती बखरीतली नोंद समजा आणि चेसिसच्या क्रमांकाशी पडताळा. खामगावला चांदी कस लावल्यावाचून कुणी घेत नाही. मग लोखंडालाच ही सवलत कशासाठी?

९/ सोबतचे नोंदणीपुस्तकही जपा. १९५६ पूर्वी बुलढाण्यात नोंदलेली जीप तत्कालीन मध्य प्रदेश राज्यातली, कारण वऱ्हाड तेव्हा त्या राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला ती द्वैभाषिक मुंबई राज्यात आली आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. ‘एमएच-२८’ ही ओळख त्यानंतरची. गाडी जिल्ह्याबाहेर न जाताही तिचे राज्य दोनदा बदलले! चेसिसवरचा क्रमांक घासला, की हे पुस्तक आणि ती गाडी यांचे नाते कायमचे तुटते.

१०/ ‘गाडी माझी, पैसा माझा.’ मान्य. पण कायद्याचे म्हणणेही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, ठरावीक अपवाद वगळता, नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. उलट २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांची पाटी देऊ केली. अट एकच महत्त्वाची: चेसिस, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार नको. म्हणजे कटर चालवणारा इतिहासाबरोबर स्वतःचा हा हक्कही कापतो.

११/ ‘नाहीतर ती भंगारातच गेली असती’ हा सर्वांत बळकट युक्तिवाद. त्यात तथ्य आहे. कुजलेली, दुभंगलेली, ओळख हरवलेली चेसिस पुन्हा उपयोगात आणणे हे पुण्यकर्मच; खासगी आवारात, प्रदर्शनात तिच्यावर खुशाल प्रयोग करा. पण ती ओळख हरवलेली आहे, हे न तपासताच कसे कळले? रद्दीत गेलेल्या मोडी कागदांबद्दलही लोक हेच म्हणत असत.

१२/ म्हणून क्रम ठरवून घ्या. ग्राइंडर दूर ठेवा. रॉकेल आणि तारेचा ब्रश पुरे. आरटीओसाठी काढतात तसा क्रमांकाचा पेन्सिल प्रिंट काढा; शिलालेखाचा ठसा घेतो, तेच हे काम. आडवी दांडी, रिव्हेट, पट्टी यांची छायाचित्रे मापासह टिपा. चेसिस लवकरच्या उत्पादनाची आणि अखंड निघाली, तर तिला हात लावू नका. बोल्टने बसेल आणि बोल्टने निघेल एवढेच बदल करा.

१३/ हौसेला माझा विरोध नाही. वाचनाआधी कापण्याला आहे. गंजलेला सांगाडा पुन्हा उभा करता येतो. घासून टाकलेला क्रमांक कोणताही संशोधक परत लिहू शकत नाही. तुमच्या गावात अशी एखादी चेसिस पडून असेल, तर या रविवारी कागद-पेन्सिल घेऊन तिच्याकडे जा.

#इतिहास #बुलढाणा #जीप