सरल, सुरू आणि ख्रिसमस ट्री

मीरा-भाईंदरमधल्या गृहसंकुलांच्या बागांत प्रवेशद्वारापाशी वारंवार आढळणारे एक झाड आहे. सरळ खोड, मजल्यामजल्याने रचलेली फांद्यांची चक्रे, निमुळता शेंडा आणि बारमाही हिरवेपणा. रोपवाटिकेत ते 'ख्रिसमस ट्री' असते, रहिवाशांच्या बोलण्यात त्याचा 'पाइन' होतो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र ते पाइन नव्हेच. ते अरौकेरिया, म्हणजे दक्षिण गोलार्धातल्या एका वेगळ्या कुळातले झाड. त्यातल्या दोन जाती नॉरफोक बेट आणि न्यू कॅलेडोनिया इथल्या. 1774 साली कॅप्टन कुकने ही झाडे पाहिली, तेव्हा जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी ती उपयोगी पडतील अशी आशा निर्माण झाली. पुढे नॉरफोकचे लाकूड त्या कामाला कुचकामी ठरले. 'पाइन' हे नाव मात्र चिकटले ते चिकटलेच.

एका झाडाच्या नावावरून साहित्याच्या अभ्यासकांनी एवढे अस्वस्थ का व्हावे, असा प्रश्न कोणी विचारील. माझ्या मते व्हावे, कारण हाच घोटाळा आपल्या वर्गांत आणि आपल्या अनुवादांत नित्य चालतो.

कालिदासाकडे पाहू. 'कुमारसंभव'च्या पहिल्या सर्गात हत्ती गंडस्थळे घासतात तो वृक्ष 'सरल'. 'मेघदूता'त ज्याच्या खोडांच्या घर्षणातून वणवा पेटतो तोही सरलच. 'रघुवंशा'त शंकराने पुत्र मानलेला वृक्ष मात्र देवदार. सरल म्हणजे हिमालयातला चीड, खरा पाइन. देवदार हे सीडरच्या जातीचे. चिडाच्या खोडात राळ भरलेली असते. म्हणूनच हत्तीने साल घासताच सुगंध दरवळतो आणि म्हणूनच वणवा पेटतो. दोन्ही प्रसंगांचे कारण झाडाच्या देहातच आहे. वर्गात 'सरल म्हणजे देवदारासारखे एक झाड' एवढे सांगून आपण पुढे सरकतो, तेव्हा उरते ती केवळ शोभा.

इंग्रजीतला 'पाइन' मराठीत आणताना तर तीन वाटा फुटतात: देवदार, चीड आणि सुरू. पैकी सुरूची कथा सर्वांत बोलकी आहे. हा शब्द फारसी 'सर्व' या शब्दाशी नाते सांगतो, आणि फारसीत तो सायप्रसचा वाचक आहे. आपल्या किनाऱ्यावर तो चिकटला कॅझुरिना या सागरी प्रदेशांतून आलेल्या झाडाला. सुरूला सुया दिसतात त्या वस्तुतः बारीक हिरव्या डहाळ्या. खरी पाने त्यांच्या सांध्यांवर खवल्यांएवढी असतात. त्याला फुले येतात, पाइनला येत नाहीत. म्हणजे फारसी नाव, परकीय झाड आणि पाइनचा आभास. तरीही उत्तनच्या किनाऱ्यावर सुरू उपरा वाटत नाही. त्याच्या मुळांवरच्या गाठींत फ्रँकिया नावाचे जिवाणू राहतात, हवेतला नायट्रोजन झाडाला मिळवून देतात, आणि त्यामुळे निकस वाळूतही ते तगून राहते.

खरा पाइन उष्ण, सखल प्रदेशात वाढतच नाही, हा समजही पुरता खरा नाही. कॅरिबियन पाइन मध्य अमेरिकेत समुद्रसपाटीलाही वाढतो. अडचण निव्वळ उष्म्याची नसते. खाजणावर भराव घालून केलेल्या जमिनीत पावसाचे चार महिने पाणी साचते आणि पाइनला मुळाशी साचलेले पाणी सोसत नाही. शिवाय पाइनच्या मुळांना विशिष्ट बुरशीची सोबत लागते. प्वेर्तो रिकोमध्ये पाइनची लागवड वारंवार फसली. ज्या मातीत पाइन आधी वाढले होते ती माती रोपांना दिली, तेव्हा कुठे ती तग धरू लागली.

अनुवादाच्या चर्चेत ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. झाड आणताना माती आणली का, हा प्रश्न शब्दाविषयीही विचारता येतो. 'पाइन' हा शब्द नुसता लिप्यंतरित केला तर त्याचे बर्फ, राळ आणि शांतता मागेच राहतात. 'सुरू' म्हटले तर वाळू आणि खारा वारा नकळत आत शिरतात. किनाऱ्यावरच्या अनेक ख्रिस्ती घरांत नाताळला सुरूची फांदी सजवण्याची रीत आहे. तिथे कोणी सुरूला पाइन समजत नाही. सणाला जे हवे ते आपल्या वाळूतून घेतलेले असते. मला हा चोख अनुवाद वाटतो. संकुलाच्या दारातला अरौकेरिया नेमका उलट: नाव आणले, आणि झाड भलतेच.

'साहित्याचे सत्य वनस्पतिशास्त्राचे नसते', हा आक्षेप मला ठाऊक आहे. तो मान्य करूनही म्हणावेसे वाटते की चुकीच्या नावाचे परिणाम प्रत्यक्षात भोगावे लागतात. कुंडीत हातभर दिसणारा अरौकेरिया मायदेशी पन्नास मीटरपर्यंत जातो. न्यू कॅलेडोनियाची जात विषुववृत्ताच्या दिशेने कलते, हे 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. म्हणजे आपल्याकडे ती दक्षिणेला झुकणार. इमारतीला खेटून लावलेले झाड पुढे अडचणीचे झाले, तरी 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगीवाचून तोडता येत नाही. नाव नीट विचारले असते, तर जागाही नीट निवडली गेली असती.

परकी झाडे लावू नयेत असे माझे म्हणणे नाही. सुरूला आपलेसे केल्यावर तसे म्हणण्याचा अधिकारही आपल्याला उरत नाही. मागणी एवढीच की झाड त्याच्या नावाने ओळखावे, आणि कवितेत पाइन ओळखणाऱ्या विद्यार्थ्याला भाईंदरच्या खाडीपुलावरून दिसणारी तिवरही ओळखता यावी. तिवरीला मराठीत स्वतःचे नाव आहे, ती याच चिखलातली आहे, आणि भरावाखाली जाते तीही तीच. साहित्याच्या शिक्षकाने 'मेघदूत' शिकवण्याआधी एक तास या नावांना द्यावा. सरल म्हणजे काय, हे मग समजावून सांगणे सोपे जाईल.