चेहरा कोणाच्या मालकीचा?

म्हाताऱ्या माणसाचे छायाचित्र काढणे हा कॅमेरा हाती धरणाऱ्याला नेहमीच मोठा मोह असतो. सुरकुत्या, खोल गेलेले डोळे, काठीवरचा हात, सारे आयतेच मिळते. चित्र चांगले उतरते आणि पाहणारा हळहळतो. पण चेहरा ओळखला गेला तर ज्याला देशाबाहेर घालवून देतील, अशा म्हाताऱ्याचे काय? अमेरिकेत कागदपत्रांवाचून वृद्ध झालेली माणसे आता छायाचित्रांचा विषय होत आहेत, म्हणून हा प्रश्न वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

ही माणसे कोण, ते आधी सांगितले पाहिजे. १९८६ साली अमेरिकेने कायदा करून, मुख्यतः १ जानेवारी १९८२ पूर्वीपासून राहणाऱ्या बिनपरवाना रहिवाशांना कायम होण्याची वाट मोकळी केली. सुमारे २७ लाख लोकांना तिचा लाभ झाला. तेवढी व्यापक सवलत त्यानंतर पुन्हा मिळालेली नाही. मागाहून तिशीत आलेली माणसे मळ्यांत फळे तोडता तोडता, हॉटेलांत भांडी घासता घासता, परक्यांची मुले सांभाळता सांभाळता आज सत्तरीला पोचली. कित्येकांच्या पगारातून निवृत्तिवेतनाची वर्गणी वर्षानुवर्षे कापली गेली. पण कागद नाहीत, म्हणून ते वेतन त्यांच्या हाती पडत नाही. हात चालतो तोवर काम, एवढेच त्यांचे म्हातारपण.

अशांची चित्रे काढूच नयेत, असे मी म्हणणार नाही. लुइस हाइन याने गिरण्यांत व खाणींत राबणाऱ्या मुलांची चित्रे काढली, त्यांनी बालमजुरीविरुद्धच्या चळवळीला मोठे बळ दिले. तथापि दुसरे उदाहरणही विसरता येत नाही. १९३६ साली डोरोथिया लँग हिने कॅलिफोर्नियातील निपोमो येथे मजुरांच्या तळावर एका आईचे चित्र घेतले. ती बाई अमेरिकेचीच नागरिक. पण पोटासाठी गावोगाव भटकणारी. चित्र जगभर गेले. बाईचे नाव मात्र लँगने विचारलेच नव्हते, आणि हे तिनेच पुढे लिहून ठेवले. फ्लॉरेन्स थॉम्प्सन हे नाव लोकांना कळले १९७८ साली, आणि या चित्राने आपल्याला काहीच मिळाले नाही, अशी तिची तक्रार होती.

तिला निदान कोणी हद्दपार करणार नव्हते. आजच्या वृद्धांना ती भीती रोजची आहे. विश्वासाने दिलेली माहिती कोठे जाते, हे २०२५ साली दिसलेच. औषधोपचाराच्या सरकारी योजनेत नावे नोंदविलेल्यांची माहिती केंद्रीय आरोग्य खात्याने अंतर्गत सुरक्षा खात्याकडे सोपविली, आणि कॅलिफोर्नियासह अनेक राज्यांना न्यायालयात जावे लागले. दवाखान्यात दिलेल्या नावाची ही गत, तर भिंतीवर टांगलेल्या चेहऱ्याची काय होईल?

यावर कोणी म्हणेल, चेहरा झाकला की माणूस चोरासारखा दिसतो. आक्षेप खरा आहे. म्हणूनच झाकावा की दाखवावा, हे चित्रकाराने ठरवू नये. ज्याचा चेहरा त्याने ठरवावे. काही वृद्ध ताठ मानेने समोर बसतील. काहींच्या फुटलेल्या तळहातांचे, खाटेखालच्या पेटीचे, गोळ्यांच्या डबीचे चित्र पुरेल.

यात नवे काही मागितलेले नाही. लाला दीनदयाळ यांनी आपल्या इंदुरातच, बांधकाम खात्यात नोकरीस असताना, कॅमेरा हाती घेतला आणि पुढे राजेरजवाड्यांची चित्रे काढली. कोणता पोशाख करावा, कोणत्या खुर्चीवर बसावे, यात त्या राजांची मर्जी चाले. आपल्या जुन्या वाड्यांतसुद्धा आजी पदर सावरून बसेपर्यंत फोटोग्राफर थांबत असे. समोरच्या माणसाचा तो मान होता. भांडी घासणाऱ्या परदेशी म्हातारीला तो का मिळू नये?

चित्र कोठे लागणार, हे तिच्या भाषेत तिला सांगावे. पहिली प्रत तिला द्यावी. आणि उद्या ती नको म्हणाली तर चित्र उतरवावे. त्यामुळे चित्र थोडे कमी बोलके झाले तरी चालेल. त्यापायी एका म्हाताऱ्या जिवाचे छप्पर जाता कामा नये.