कुलूप बाहेरून लावा

आमच्या घरून दर सुगीला एक पोते भात मठाला जाते. आजोबांच्या काळी ते बैलगाडीतून जायचे, आता टेम्पोतून जाते. मठ कुठला ते लिहीत नाही, कारण दुखणे एका मठाचे नाही. जुने स्वामी समाधिस्थ झाले. पुढच्या काही दिवसांत चार माणसे मठाच्या माडीवर बसली, दार आतून लावून घेतले आणि दिवस मावळताना खाली येऊन त्यांनी नव्या स्वामींचे नाव सांगितले. अंगणात आम्ही भक्त उभे होतो. कसे ठरले, असे एका म्हातारीने विचारले. ‘परंपरेनं,’ असे उत्तर आले. आणखी कोणाची नावे होती, असे मी विचारले. तेव्हा त्या चौघांतल्या एका पंचाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, ‘दादा, देवाच्या कामात राजकारण आणू नगासा.’

राजकारण मी आणले नव्हते. ते आमच्या आधी माडीवर जाऊन बसले होते. मठाची शेती कोण कसतो, दुकानगाळ्यांचे भाडे कोण गोळा करतो, निवडणुकीच्या आधी कुठला उमेदवार पायावर डोके ठेवायला येतो, हे मच्छ्यापासून निपाणीपर्यंत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गादी कोणाला मिळणार हे याच हिशेबांवर ठरते, आणि त्यावर परंपरेची शाल पांघरली जाते. मला राग आहे तो या शालीचा.

तेराव्या शतकातल्या इटलीत लोकांनी ही शाल एकदा ओढून काढली होती. पोप चौथा क्लेमेंट नोव्हेंबर १२६८ मध्ये रोमच्या उत्तरेला विटर्बो गावी वारला. नवा पोप निवडायला कार्डिनल तिथेच जमले आणि अडून बसले. एका गटाला फ्रान्सच्या राजघराण्यातला, नेपल्सच्या गादीवर बसलेला शार्ल चालेल असा पोप हवा होता. दुसऱ्या गटाला त्याचे पाऊल इटलीत आणखी पुढे पडू द्यायचे नव्हते. देवाचे नाव दोन्ही बाजूंच्या तोंडी होते. महिने गेले, वर्ष गेले. या सगळ्यांना खाऊ घालत होते विटर्बोचे लोक. शेवटी गावकऱ्यांनी कार्डिनलांना बिशपच्या वाड्यात कोंडले, जेवण तोडले आणि वाड्याचे छप्पर उतरवले. जून १२७० मधले कार्डिनलांचे एक पत्र आहे, त्यात ते आपला पत्ता ‘छप्पर नसलेला वाडा’ असा लिहितात. तरीही निवड व्हायला सप्टेंबर १२७१ उजाडला. काही कार्डिनल त्या काळात मेले. निवडला गेलेला तेदाल्दो व्हिस्कोन्ती कार्डिनलही नव्हता. तो तेव्हा पार पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर, अक्को शहरात होता.

हाच माणूस दहावा ग्रेगरी झाला आणि विटर्बोच्या गावकऱ्यांचे शहाणपण त्याने कायद्यात उतरवले. १२७४ मध्ये लिओनच्या धर्मसभेत नियम झाला: पोप वारल्यावर दहा दिवसांनी कार्डिनलांना एकत्र कोंडायचे. तीन दिवसांत निवड झाली नाही तर जेवणात एकच पदार्थ. आणखी पाच दिवस गेले तर नुसती भाकरी, पाणी आणि वाइन. आणि निवड होईपर्यंत कार्डिनलांना पोपच्या खजिन्यातून एक पैसाही मिळणार नाही. ‘कॉन्क्लेव्ह’ या शब्दातच किल्ली आहे, लॅटिनमधली. मला या नियमातले उपाशी ठेवणे तितके महत्त्वाचे वाटत नाही, खजिना बंद करणे वाटते. गादी रिकामी असताना तिच्या उत्पन्नावर हात मारता येतो म्हणूनच ती रिकामी राहते, हे त्या माणसाने नेमके ओळखले होते.

कार्डिनलांना तो नियम फार काळ सोसला नाही. १२७६ मध्ये तो स्थगित झाला. पुढे १२९२ मध्ये पोप वारला तेव्हा सव्वादोन वर्षे गादी रिकामी राहिली. मग डोंगरात राहणारा पिएत्रो नावाचा एक म्हातारा तपस्वी उचलून पोप केला गेला. नेपल्सच्या राजाने त्याला आपल्याच शहरात ठेवून घेतले. त्या बिचाऱ्याने कोंडण्याचा नियम पुन्हा लागू केला आणि पाच महिन्यांत गादी सोडली. त्याच्यामागून आलेल्या आठव्या बोनिफासने त्याला किल्ल्यात डांबले, तिथेच तो मेला. खऱ्या तपस्व्याला गादीवर बसवून त्याच्या नावाने कारभार हाकायचा, आणि तो नकोसा झाला की कोठडी दाखवायची, ही युक्ती त्या एका काळाची नाही.

हे सगळे किरिस्तावांचे, आपले तसे नसते, असे कोणी म्हणेल. त्याने हिरण्यकेशीच्या काठी संकेश्वरला जावे. करवीर-संकेश्वर शंकराचार्य पीठाच्या वृद्ध स्वामींनी १९०३ मध्ये कोल्हापूर दरबारची संमती न घेता शिष्य नेमला. दरबारने मठाच्या उत्पन्नावर जप्ती आणली. मागे वेदोक्ताचे प्रकरण पेटलेले होते: १८९९ मध्ये पंचगंगेवर शाहू महाराजांच्या स्नानाला पुराणोक्त मंत्र म्हटले गेले, राजोपाध्यांनी महाराजांना शूद्र ठरवून वेदोक्त, म्हणजे वेदमंत्रांचे विधी करायला नकार दिला आणि त्यांचे वतन गेले. पुढे त्याच शिष्याने महाराजांचा वेदोक्ताचा अधिकार मान्य केला. १९१७ मध्ये महाराजांच्या पाठिंब्याने डॉ. कुर्तकोटी पीठावर आले. आणि १९२० मध्ये महाराजांनी वेगळेच पीठ उभे केले. पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठात क्षात्र जगद्गुरू म्हणून आमच्या निपाणीजवळच्या बेनाडीचे तरुण सदाशिवराव पाटील बसले.

बेनाडीचे नाव या भागात अभिमानाने घेतात. मीही घेतो. वेदोक्तात महाराजांची बाजू न्यायाची होती आणि ज्यांनी त्यांना शूद्र ठरवले त्यांनी धर्माच्या नावाने माणसाचा अपमान केला, यावर माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण महाराजांनी काढलेला उपाय मला पटत नाही, आणि त्यांच्यावर जीव असूनही मी ते लिहितो. एका जातीच्या हातातले पीठ अन्याय करते म्हणून दुसऱ्या जातीचे पीठ काढले. दोन्हीकडे गुरू ठरवताना भक्ताला कोणी विचारले नाही. देव आणि माणूस यांच्यात दलाल नको, हा १८७३ पासून सत्यशोधकांचा पाया. त्यांच्यातल्या काहींना हे नवे जगद्गुरूपद तेव्हाच खटकले होते. ते बरोबर होते. राजा न्यायी होता म्हणून निवड न्यायी ठरत नाही, कारण पुढचा राजा न्यायी असेलच असे नाही. आज राजे नाहीत. त्यांच्या जागी आमदार आहेत, साखर कारखान्याचे संचालक आहेत, जमिनीचे व्यवहार करणारे आहेत. जप्तीचा अधिकार त्यांच्याकडे नाही, पण माडीच्या चाव्या त्यांच्याकडे आहेत.

आमचे बेळगाव मुंबई राज्यात असताना १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा झाला. हिशेब तपासून घ्या, विश्वस्त बदलले तर कळवा, असे तो सांगत असे. त्याची कलमे कोणाला शिकवायला मी निघालेलो नाही. माझे मागणे त्याहून साधे आहे आणि ते मी देवस्थान पंच कमिटीपुढे तोंडावर बोललो आहे. गादी रिकामी झाली त्या दिवसापासून मठाचे उत्पन्न बँकेत वेगळे ठेवावे, नवे स्वामी बसेपर्यंत कोणी त्याला हात लावू नये. ज्यांची नावे चर्चेत आहेत ती पाटीवर लिहावीत, कोणाचे कोणाशी नाते आहे तेही लिहावे. निवड जाहीर करण्याआधी भक्तांची सभा बोलवावी, बायकांसकट, आणि हरकती लिहून घ्याव्यात. मठाची भाकरी जे पुरवतात त्यांना एवढे तरी विचारा.

पंच म्हणाले, यामुळे मठाची बदनामी होईल. विटर्बोत छप्पर उतरले तेव्हा चर्च बुडाले नाही. बदनामी होते ती बंद दाराआड.

भात कापून झाला आहे. आमच्या घरचे पोते शिवून ओसरीवर ठेवले आहे. बायकोने विचारले, टेम्पोवाल्याला कधी बोलावू? मी थांब म्हटले. मठाचा हिशेब अंगणात वाचला जाईल त्या दिवशी ते पोते मी खांद्यावर घेऊन जाईन.